वाचा गेलेल्या माणसाशी बोलताना



या पानावर आपण बहुधा बियाणे, खते, जनावरांची दुखणी, नाहीतर ताप-खोकला यांविषयी वाचता. या वेळी आम्ही अशा एका दुखण्याविषयी लिहीत आहोत, ज्यात रोग्याइतकीच घरच्या माणसांची परीक्षा होते. अंगावरून वारे गेले, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला, की पुष्कळ माणसांचे बोलणे जाते. पुढे पाय थोडाफार चालू लागतो, भूक लागते, झोप येते. पण मनात आहे तो शब्द काही केल्या तोंडातून निघत नाही. याला वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना हा त्रास होतो. तेव्हा हे दुखणे विरळ नव्हे. आपल्यापैकी अनेकांनी ते कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहिले असेल, फक्त त्याचे नाव ठाऊक नसेल.

हे लिहिण्यास कारण झाली ती आमच्या हातून घडलेली एक चूक. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

आमची चूक

खानापूर तालुक्यातील एका वाडीवर आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब राहते. चार एकर भात, भातामागून मसूर, माळावर रताळी, दोन म्हशी आणि एक बैलजोडी. घरचे कारभारी साठी ओलांडलेले. तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते अंगणात बसून कुरीच्या नळ्या नीट करीत होते. एकाएकी उजव्या हातातली हातोडी गळून पडली आणि तोंड वाकडे झाले. घरच्यांनी अंगाला तेल चोळले, रात्र तशीच काढली आणि सकाळी गाडी करून बेळगावला नेले. बारा दिवसांनी ते घरी आले. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालणे, आणि तोंडात एकच शब्द उरलेला: "तेच."

आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन त्यांना भेटायला गेलो. खाटेजवळ उभे राहून, बहिऱ्या माणसाशी बोलावे तसे मोठ्याने विचारले, "काय कारभारी, ओळखलंत का? जेवण जातं का? गोळ्या वेळेवर घेता ना? पाय कसा आहे?" एका दमात चार प्रश्न झाले. ते आमच्याकडे पाहत राहिले. मग "तेच... तेच... तेच" असे म्हणत त्यांनी डावा हात खाटेवर आपटला.

थोरला मुलगा म्हणाला, "फादर, बाबांना आता काही कळत नाही. दिवसभर हेच घोकतात."

यावर आम्ही काय बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते. त्यांच्यासमोरच आम्ही मुलाला म्हणालो, "वय झालं की असं होतं. देवाची इच्छा. आता कारभार तुम्हीच बघा." कारभाऱ्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. तेही आम्ही अशक्तपणाचे समजलो आणि आशीर्वाद देऊन निघालो.

त्यानंतर आठवड्याभरात धूळवाफ पेरणीची वेळ आली. मुलांनी माळ्यावरचे इंटाण भाताचे पोते खाली काढले. ते पाहताच कारभारी अस्वस्थ झाले, "तेच, तेच" करीत उठू लागले आणि खाटेवरून खाली पडले. त्यांना वेड लागले, असेच सर्वांना वाटले. पण घरात चौथीत शिकणारी नात होती. ती माळ्यावरच्या पोत्यातले मूठभर भात एका ताटलीत आणि कणगीमागे ठेवलेल्या दुसऱ्या पोत्यातले मूठभर दुसऱ्या ताटलीत घेऊन आली. एक ताटली पुढे धरून तिने विचारले, "आज्जा, हे?" त्यांनी ती डाव्या हाताने दूर सारली. "मग हे?" त्यांनी दाणे बोटांत चोळले, वास घेतला आणि ताटलीवर हात ठेवून म्हणाले, "तेच!"

मुलगा म्हणाला, हा योगायोग असेल. मुलीने पाठीमागे नेऊन ताटल्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा विचारले. उत्तर तेच आले. मग घरच्या बाईंनी दोन्हींतले शंभर-शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चार दिवसांनी उलगडून पाहिले, तो माळ्यावरच्या भाताचे निम्मे दाणेही उगवले नव्हते आणि दुसऱ्याचे जवळजवळ सगळे उगवले होते. माळ्यावरचे भात दोन वर्षांचे जुने होते. ते खाण्यासाठी म्हणून कारभाऱ्यांनी स्वतःच बाजूला ठेवले होते, आणि ही गोष्ट घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

रविवारी मिस्सानंतर मुलाने हे आम्हांला सांगितले. त्याच संध्याकाळी आम्ही वाडीवर गेलो, या वेळी खाली बसलो आणि कारभाऱ्यांची क्षमा मागितली. त्यांनी डाव्या हाताने आमचा हात धरला आणि "तेच" म्हणाले. त्याचा अर्थ आम्ही क्षमा असा घेतला. घेण्यात चूक झाली असेल, तर तीही त्यांनी सांभाळून घेतली.

विहीर आटलेली नाही, पाट फुटला आहे

बोलण्याचा कारभार चालवणारे भाग बहुतेक माणसांच्या मेंदूच्या डाव्या बाजूस असतात. मेंदूच्या डाव्या बाजूकडे शरीराच्या उजव्या बाजूचा ताबा असतो, म्हणून उजवा हात-पाय लुळा पडणे आणि वाचा जाणे हे पुष्कळदा जोडीने येते. रक्ताची गुठळी अडकून किंवा रक्तवाहिनी फुटून त्या भागाला इजा झाली की शब्द सापडेनासे होतात. डोक्याला मार लागून किंवा मेंदूत गाठ होऊनही असे होऊ शकते.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर विहिरीला पाणी आहे. वाफ्यापर्यंत नेणारा पाट फुटला आहे. विचार, आठवण, मायापाश, शेतीचे ज्ञान, देवावरचा विश्वास ही सारी विहीर. बोलणे हा पाट. वाफा कोरडा दिसला म्हणून विहीर आटली असे कुणी म्हणत नाही. मग माणसाच्या बाबतीत आपण असे का म्हणतो?

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यवैद्यांनी असा एक रोगी तपासला. त्याच्या तोंडून "तान" एवढाच शब्द निघे. बायसेत्रच्या रुग्णालयात तुम्ही किती वर्षे आहात, असे विचारल्यावर त्याने डाव्या हाताची पाची बोटे चार वेळा उघडून दाखवली आणि मग एक बोट वर केले. म्हणजे एकवीस. उत्तर अगदी बरोबर होते. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तेव्हा आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो संतापला आणि त्याच्या तोंडून एक शिवी निघाली. तो मरण पावल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झालेली आढळली. ज्याचे शब्द गेले त्याची समज गेलेली असतेच असे नाही, ही गोष्ट तेव्हापासून ठाऊक आहे. आम्ही मात्र ती एका चौथीतल्या मुलीकडून शिकलो.

सगळ्यांचा वाचाघात एकसारखा नसतो. काहींना आपण बोललेले बरेचसे कळते, पण स्वतःचे शब्द एक-एक करून मोठ्या कष्टाने निघतात. आमचे कारभारी या प्रकारातले. काहींचे पाणी भलत्याच पाटाने धावते. ते भराभरा बोलतात, पण शब्द चुकीचे, कधी कुठल्याच भाषेत नसलेले, आणि आपण चुकतो आहोत हे त्यांना उमगत नाही. दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट कळत नाही. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी या प्रकाराचे वर्णन केले. घरचे लोक याच प्रकाराला वेड किंवा बाहेरची बाधा समजण्याचा संभव जास्त. काहींना फक्त नावे आठवत नाहीत. काहींचे बोलणे आणि समजणे दोन्ही फार बिघडलेले असते. जिभेच्या-ओठांच्या कमजोरीने नुसते बोबडे बोलणे ही वेगळी गोष्ट. त्यात शब्द सापडतात, पण उच्चार अस्पष्ट होतो. कोणता प्रकार आहे हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे, कारण वागण्याची पद्धत त्यावर ठरते.

बोलावे कसे?

पुढील गोष्टी आम्ही वाचातज्ज्ञांना विचारून घेतल्या आहेत आणि अनेक घरांत करून पाहिल्या आहेत.

१. आधी गलबला थांबवावा. टीव्ही, रेडिओ, मोबाईल बंद करावे. चार माणसे एकदम बोलत असतील तर एकट्यानेच समोर बसावे. आपला चेहरा त्यांना दिसेल असे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे.

२. ओरडू नये. वाचाघात म्हणजे बहिरेपण नव्हे. नेहमीच्या आवाजात, थोडे सावकाश, लहान लहान वाक्यांत बोलावे. पण लहान मुलाशी बोलतो तसे लाडेलाडे बोलू नये. काल ज्यांना 'अहो' म्हणत होतो त्यांना आज 'अरे' म्हणू नये.

३. एका वेळी एकच गोष्ट विचारावी. "जेवणार की चहा घेणार की आधी अंघोळ?" असे न विचारता "चहा घेता?" एवढेच विचारावे. उत्तर आल्यावर पुढचे.

४. थांबावे. हे सर्वांत अवघड आहे. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजावे. तेवढ्यात शब्द सापडण्याचा संभव असतो. त्यांचा शब्द आपण हिसकावून घेतला तर ते प्रयत्न करणेच सोडतात. फारच अडले तर "मी सांगू का?" असे विचारून मगच सुचवावे.

५. वस्तू दाखवावी. दोन सदरे पुढे धरावेत, भाजी दाखवावी, शेताकडे बोट करावे. एका जुन्या वहीत घरच्या माणसांचे फोटो, म्हशी, पंप, देऊळ, दवाखाना, गोळ्या, पाणी, शौचालय, दुखणे यांची चित्रे चिकटवावीत. आपल्या प्रत्येक शेताला नाव असते. त्या शेताचा फोटो लावून खाली नाव लिहावे. मोबाईलवर काढलेले फोटोही चालतात. पण वही उशाशी राहते आणि तिला चार्जिंग लागत नाही.

६. 'हो' आणि 'नाही' यांची खात्री करून घ्यावी. या दुखण्यात मनात 'नाही' असताना तोंडून 'हो' निघू शकते. म्हणून मान, हात किंवा बोट यांची एखादी खूण ठरवावी, आणि महत्त्वाचा प्रश्न उलटून पुन्हा विचारावा. "म्हैस विकायची?" आणि मग थोड्या वेळाने "म्हैस ठेवायची?" दोन्हींना 'हो' आले तर उत्तर मिळालेले नाही असे समजावे.

७. कळले नाही तर कळल्याचे सोंग करू नये. "मला नाही समजलं. पुन्हा बघू या," असे सरळ म्हणावे. दोघेही दमले असतील तर "संध्याकाळी परत विचारतो," असे सांगावे आणि संध्याकाळी खरोखरच विचारावे.

८. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिऱ्हाइतासारखे बोलू नये. आमची चूक नेमकी हीच होती.

पाटी-पेन्सिल पुरेल का?

पुष्कळ घरांत पहिली गोष्ट केली जाते ती म्हणजे पाटी हातात देणे. संत लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याची वाचा गेली तेव्हा त्याने पाटी मागून घेतली आणि तिच्यावर मुलाचे योहान हे नाव लिहिले, हे आपल्याला पाठ आहे. पण जखऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचे बोलणे थांबले होते, शब्द शाबूत होते. वाचाघातात शब्दच सापडत नाहीत, म्हणून लिहिणे आणि वाचणेही बहुधा बिघडते. पाटी हातात दिली आणि चांगली शिकलेली व्यक्तीही नुसत्या रेघा मारू लागली, तर ती तिची बुद्धी गेल्याची खूण नव्हे. काहींना पहिले अक्षर लिहिता येते, काहींना चित्र काढता येते. जे जमेल ते घ्यावे. न जमेल त्याची परीक्षा पाहुण्यांपुढे घेऊ नये.

वाचणे बिघडते, यातून शेतकऱ्याच्या घरात एक मोठा धोका उभा राहतो. कीटकनाशकाची बाटली, तणनाशकाचा डबा आणि औषधाची बाटली यांवरील नावे या माणसाला वाचता येतीलच असे नाही. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. ती दारूच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नयेत. रोजच्या गोळ्या घरातल्या एका माणसाने आपल्या हाताने द्याव्यात. तसेच असा माणूस शेतात एकटा गेला आणि पडला, तर त्याला हाक मारता येत नाही. गळ्यात शिट्टी आणि खिशात नाव, गाव, घरचा फोन क्रमांक व 'मला समजते, पण बोलता येत नाही' असे लिहिलेली चिठ्ठी असावी. आपल्या भागात ती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत लिहावी.

प्रार्थना येते, मग बायकोचे नाव का येत नाही?

कारभारी घरी आल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या घरी संध्याकाळची जपमाळ चालू होती. तिसऱ्या गूढाच्या सुमारास त्यांच्या ओठांतून सबंध 'नमो मरिया' बाहेर पडले, एकही शब्द न अडखळता. बाई रडू लागल्या. दुसऱ्या दिवशी वाडीत दोन मते झाली. कुणी म्हणाले चमत्कार झाला. कुणी म्हणाले, म्हातारा इतके दिवस सोंग करीत होता.

दोन्ही खरे नव्हे. जन्मभर घोकून अंगवळणी पडलेले बोलणे, म्हणजे प्रार्थना, गाणी, एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार, "बसा", "बरं आहे" यांसारखे शब्द, पुष्कळदा शाबूत राहते. नवा शब्द शोधून वाक्य जुळवणे हे निराळे काम आहे, आणि ते बिघडलेले असते. त्यामुळे पूर्ण प्रार्थना म्हणणारा माणूस "पाणी" म्हणू शकत नाही. तो सोंग करीत नाही.

म्हणून अशा घरांत रोजची प्रार्थना मोठ्याने, सावकाश, एकत्र म्हणावी. गाणी गावीत. वार मोजावेत, पोती मोजावीत. हा वाचेचा व्यायामही आहे, आणि ज्याला दिवसभर कुणाशी बोलता येत नाही त्याला तेवढा वेळ सर्वांबरोबर बोलल्याचे समाधान मिळते. रविवारी त्याला मिस्साला आणावे. सर्वांच्या आवाजात त्याचा आवाज मिसळतो तेव्हा तो कुणापेक्षा कमी नसतो.

शिव्याही याच वाटेने बाहेर पडतात. आयुष्यात कधी अपशब्द न उच्चारलेल्या आजीबाईंच्या तोंडून एखादी शिवी निघाली तर घरच्यांनी घाबरू नये, लाजू नये आणि त्यांना रागावू नये. त्यात मनाची संमती नाही, तेव्हा पापही नाही.

पापनिवेदनाविषयी काही जण विचारतात. ज्याला शब्द नाहीत त्याच्याकडून ख्रिस्तसभा शब्द मागत नाही. मानेने, हाताने, डोळ्यांतल्या पाण्याने दाखवलेला पश्चात्ताप पुरेसा आहे. आम्ही एक-एक साधा प्रश्न विचारतो आणि खुणेची वाट पाहतो. रुग्णाभ्यंगासाठी शेवटच्या घटकेची वाट पाहू नये, दुखणे गंभीर झाल्याबरोबर निरोप द्यावा. गिळण्याचा त्रास असेल तर तसे आम्हांला आधी सांगावे, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहान तुकडा देता येतो.

कोणत्या भाषेत बोलावे?

आपल्या भागात घरात मराठी किंवा कोंकणी, बाजारात नि कचेरीत कन्नड, असा कारभार चालतो. अशा माणसाला वाचाघात झाला तर सगळ्या भाषा सारख्या बिघडतातच असे नाही, आणि सारख्या परततातही असे नाही. कधी लहानपणीची भाषा आधी परतते, कधी रोजच्या वापरातली. म्हणून घरात शक्यतो एकाच भाषेत, त्यांच्या सवयीच्या भाषेत, बोलावे. पण ते दुसऱ्या भाषेतला शब्द बोलले तर "मराठीत सांगा" म्हणून अडवू नये. शब्द कोणत्याही गावचा असो, तो घरी आला हे महत्त्वाचे. वाचातज्ज्ञांकडे गेल्यावर माणसाला पूर्वी कोणकोणत्या भाषा येत होत्या हे जरूर सांगावे.

अंगठा घेण्यापूर्वी

आता एक कटू गोष्ट. ज्याला बोलता येत नाही त्याचा अंगठा घेणे फार सोपे असते. वाटणीपत्र, जमिनीची विक्री, सोसायटीचे कर्ज, बँकेची पावती असे कागद पुढे येतात आणि घाईघाईने डावा अंगठा टेकवला जातो. पुष्कळदा यात वाईट हेतूही नसतो, "त्यांना काय कळतंय?" एवढाच विचार असतो. पण ज्याने ती जमीन नांगरली, तिचे कर्ज फेडले, त्याला न विचारता ती हातावेगळी करणे हा अन्याय आहे. कागद सोप्या शब्दांत समजावून सांगावा, शेताचा फोटो किंवा प्रत्यक्ष शेत दाखवावे, प्रश्न उलटसुलट विचारावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावा, आणि उत्तर दोन्ही वेळा एकच आले तरच पुढे जावे. समजण्याची शक्तीच फार बिघडली असेल तर डॉक्टरांचे आणि वकिलाचे मत घ्यावे. घाई करणाऱ्या मध्यस्थाला दारातून परत पाठवावे.

उपचार आणि हक्क

वाचाघातावर वाचातज्ज्ञांकडून उपचार होतात. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते, म्हणून लवकर सुरुवात करावी. पण त्यानंतर सुधारणा होतच नाही हे खरे नव्हे. ती हळूहळू, वर्षानुवर्षे चालू राहू शकते. मोठ्या रुग्णालयांत वाचातज्ज्ञांची चौकशी करावी. मैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था आणि मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामासाठीच आहेत. आठवड्यातून एकदा तज्ज्ञांकडे जाऊन भागत नाही. त्यांनी सांगितलेला अभ्यास घरी रोज, थोडा थोडा, दमायच्या आत थांबून करावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली आहे. त्यांत वाचा आणि भाषेची दिव्यांगता आहे, आणि तिच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. त्रास कायमचा राहिला तर सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्यावी. अर्ज भरण्यात अडचण आली तर धर्मग्रामाच्या कचेरीत या. आपण मिळून भरू.

झटका आला तर

आमच्या कारभाऱ्यांची एक रात्र तेल चोळण्यात गेली. आपली जाऊ नये. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे किंवा बंद होणे, यांपैकी एकही गोष्ट एकाएकी झाली तर ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठावे. गुठळीमुळे आलेल्या झटक्यात ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. तोंडात पाणी, औषध, काढा काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्रास थोड्या वेळाने आपोआप गेला तरी दाखवावेच, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तो वाढलेला असला तरी बहुधा काहीच जाणवत नाही. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करणे ही आपल्याकडची फार मोठी चूक आहे. मीठ कमी, तंबाखू बंद, दारू बंद, साखरेचा आजार ताब्यात. हे रुक्ष वाटते. पण वाचा जाण्यापेक्षा स्वस्त आहे.

शेजाऱ्यांना विनंती

वाचाघाताचे सर्वांत मोठे दुःख एकटेपणाचे आहे. पहिल्या महिन्यात सारे गाव भेटायला येते, सहाव्या महिन्यात कुणीही येत नाही. "बोलता येत नाही, जाऊन करायचं काय?" असे लोक म्हणतात. आमचे उत्तर असे: जा आणि बसा. बांधावर जसे दोघे जण न बोलता विडा खात बसतात तसे बसा. पाऊस कसा झाला ते सांगा, पीक दाखवा. माणूस खिन्न राहू लागला, जेवेना, झोपेना, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे. आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी द्या, म्हणजे तिला बाजाराला जाता येईल, नाहीतर नुसते झोपता येईल. प्रत्येक वाडीवरून दोन जणांनी हे काम घ्यावे, अशी आमची विनंती आहे. नावे मिस्सानंतर कचेरीत द्यावीत.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, ज्याला ऐकू येत नव्हते आणि नीट बोलता येत नव्हते अशा माणसाला लोक प्रभूकडे आणतात. सेमिनरीत आम्ही हा उतारा पुष्कळदा अभ्यासला, पण त्यातली एक गोष्ट आम्हांला कारभाऱ्यांच्या खाटेपाशी दिसली. प्रभू त्याला आधी गर्दीतून बाजूला नेतो. मग त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श करतो, त्याला समजेल अशा खुणांनी त्याच्याशी बोलतो. बरे करणे नंतर येते. बरे करणे आपल्या हाती नाही. पण गर्दीतून बाजूला नेणे, समोर बसणे, स्पर्श करणे आणि खूण करणे एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे.

आज तीन वर्षांनी कारभारी वीस-पंचवीस शब्द बोलतात. बायकोचे नाव अजून त्यांना सापडलेले नाही. ते तिच्याकडे बोट करतात, आणि ती येते. यंदाचे बियाणे मात्र त्यांना विचारूनच निवडले गेले.

प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो.

आपले,
धर्मगुरू